पुलापलीकडचा परवाना

केलर्स लँडिंग, ओहायो
१२ जानेवारी

नॅडीनबाई,

माझं अक्षर दिसलं तर तुम्ही पाकीट न फोडताच कचऱ्यात टाकाल, म्हणून पत्ता आमच्या मॅनेजरकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहे तर वाचा. माझा नंबर तुम्ही पाच वर्षांपूर्वीच बंद करून ठेवलात, तेव्हा मला दुसरा मार्ग नाही.

बातमी अशी की शुक्रवारी मला वेस्ट व्हर्जिनियात काम करायची परवानगी मिळाली. चोरून नाही, कागदावर. राज्याराज्यांमध्ये आपल्या ऑक्युपेशनल थेरपीच्या कामासाठी करार झालाय, हे तुमच्या कानावर असेलच. ओहायोचा परवाना शाबूत असेल तर करारातल्या दुसऱ्या राज्यात पहिल्यापासून सगळं करत बसायला नको. अर्ज करा, बोटांचे ठसे द्या, परवानगी घ्या. ज्याच्यावर कारवाई झाली असेल त्याने ती पुरी भोगून दोन वर्षं उलटलेली हवीत. माझं सहा महिन्यांचं निलंबन भोगून साडेचार वर्षं झाली. म्हणजे नदीवरच्या ज्या पुलावरून गेले म्हणून तुम्ही माझी तक्रार केलीत, त्याच पुलावरून आता मी दिवसाढवळ्या जाऊ शकते. खिडकी उघडी ठेवून, रेडिओ लावून.

पण एक अडचण आहे आणि त्या अडचणीचं नाव नॅडीन स्ट्रॉसर आहे.

मी असिस्टंट. रुग्णाला आधी थेरपिस्टने तपासायचं, काय करायचं ते ठरवायचं, मग ते मी करून घ्यायचं. हे तुम्हीच मला चौदा वर्षं घोटून शिकवलंत. करारातही तसंच आहे. मी पलीकडे काम करायचं तर माझ्यावर देखरेख ठेवणाऱ्या थेरपिस्टकडेही पलीकडची परवानगी हवी. आमच्याकडे दोन थेरपिस्ट आहेत. एक बाळंतपणाच्या रजेवर गेली. दुसरा म्हणतो, त्या डोंगरातल्या वळणांवर मला उलट्या होतात. तुम्ही आठवड्यातले तीन दिवस वृद्धाश्रमात काम करता, असं कळलं. उरलेल्या दोन दिवसांत तुम्ही काय करता ते मला माहीत आहे. शब्दकोडी सोडवता.

रुग्ण कोण ते सांगते. न्यू शाइलोची ट्विला बार्कस. हो, एमेट बार्कसची मुलगी, तीच. शाळेची बस चालवते. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात तिला बापासारखाच अर्धांगाचा झटका आला. पाय बराचसा सुधारलाय, पण उजवा हात मांडीवर पडून असतो. हॉस्पिटलने घरी सोडलं. सगळ्यात जवळचा थेरपिस्ट दीड तासावर, आणि त्याच्याकडे एप्रिलपर्यंत जागा नाही. झटक्यानंतरचे पहिले महिने म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको.

तिनेच फोन केला.

"ऐकलं ते खरं का? आता तुला इकडे यायची मुभा आहे?"

"आहे."

"मग ये. बाबांचा हात तू परत आणलास, आता माझा आण. आणि यावेळी सगळे कागद घेऊन ये बाई. मागच्यासारखी बायबल काखेत मारून येऊ नकोस."

मी माफी मागायला लिहीत नाहीये. तुमच्याकडूनही नकोय. मला फक्त एक थेरपिस्ट हवी, आणि या खोऱ्यात तुमच्याइतकी चांगली दुसरी नाही. अर्ज सोबत जोडलाय. तुमचं नाव मी आधीच भरलंय.

लूअ‍ॅन कोवाच


केलर्स लँडिंग
२३ जानेवारी

नॅडीनबाई,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर मधोमध "नाही." आणि खाली एन. एस. टपालवाल्यानेही वाचलं असणार. देताना माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत होता.

एका शब्दाने मी मागे हटेन असं तुम्हाला खरंच वाटलं? चौदा वर्षांत कधी हटले का? मिसेस डोब्सना स्वयंपाकघरात उभं करायचं नाही म्हणालात, तेव्हा मी त्यांच्याकडून मक्याची भाकर करून घेतली आणि तीच तुम्हाला डब्यात आणून दिली. तुम्ही दोन तुकडे खाल्लेत.

तेव्हा पुन्हा सांगते. एमेटकाकांच्या बाबतीत मी चूक केली असेन, पण पुलाची केली, पलीकडचा परवाना नसताना गेले. कामाची नाही. तो माणूस चाळीस वर्षं काचेच्या कारखान्यात पेल्यांवर वेली कोरत होता. झटक्यानंतर आपण इथे त्याच्यावर काम सुरू केलं, आणि मध्येच ट्विलाने त्याला नदीपलीकडे स्वतःच्या घरी नेलं. अकरा मिनिटांच्या अंतरावर! तिथे त्याच्याकडे बघायला कोणी नव्हतं. बोटं आत्ताशी उघडायला लागली होती. मी काय करायचं होतं? नदीकाठी उभं राहून हात हलवायचा होता? आठवड्यातून दोनदा गेले, तुम्हाला चर्चचं काम सांगून, बायबल काखेत मारून गेले, फुकट गेले, माझ्या वेळात गेले. सहा आठवड्यांत तो जाड मुठीच्या चमच्याने सूप प्यायला लागला, स्वतःची सही करायला लागला. पुढे दोन वर्षांनी गेला, पण स्वतःच्या हाताने जेवून गेला.

तुम्हाला कळलं तेव्हा मला बोलावून चार शिव्या घातल्या असत्यात तरी चाललं असतं. तुम्ही थेट परवाने देणाऱ्या बोर्डाला लिहिलंत. स्वतःचा परवाना वाचवलात. ठीक आहे, झालं ते झालं. मी त्यावर रडत बसलेली नाही.

ट्विलाला विचारलं, हात कसा आहे? म्हणाली, "आहे. माझ्याचकडे आहे, पण माझं ऐकत नाही. माझ्या बसमधल्या सातवीच्या पोरांसारखा." हसत होती. मग म्हणाली, बोटं सकाळी मिटलेली असतात, आणि डाव्या हाताने उघडताना आता दुखायला लागलंय.

आता "नाही" लिहून दाखवा.

लूअ‍ॅन


केलर्स लँडिंग
३ फेब्रुवारी

नॅडीनबाई,

आज एक गोष्ट झाली. कशी लिहू ते कळत नाहीये.

तुम्ही अर्ज करणार नाही म्हणालात, तरी तुम्हाला परवानगी मिळू शकते की नाही ते बघावं म्हणून मी बोर्डाच्या यादीत तुमचं नाव शोधलं. ती यादी सगळ्यांना उघडी असते, कोणीही बघावी. पाच वर्षांत मी तिथे शंभरदा गेले असेन, पण दरवेळी माझंच नाव बघायला. माझ्या नावाखालची कारवाईची ती ओळ अजून आहे का, कोणाकोणाला दिसते. तुमचं नाव कधी टाकून बघितलंच नाही.

तुमच्या नावाखालीही एक ओळ आहे. तारीख माझीच.

लेखी ताकीद. देखरेखीत कसूर. आणि खाली जोडलेलं तुमचं स्वतःचं पत्र. त्यात तुम्ही लिहिलंय की असिस्टंट दर मंगळवारी आणि गुरुवारी कुठे जाते हे मी विचारायला हवं होतं, तिने सांगितलेलं चर्चचं कारण मी सोयीचं म्हणून मानलं, आणि म्हणून दोष आधी माझा धरावा.

माझ्या तक्रारीआधी तुम्ही स्वतःची तक्रार केली होती. आणि मी पाच वर्षं गावभर सांगत फिरले की नॅडीन स्ट्रॉसरने स्वतःची कातडी वाचवली. वाण्याकडे सांगितलं. चर्चच्या पायरीवर सांगितलं. वृद्धाश्रमातल्या तुमच्या लोकांपर्यंतही ते गेलं असणार. तुम्ही एकदाही उलट बोलला नाहीत.

आणि आजच तुमचं दुसरं कार्ड आलं. "टबात काय झालं?" एवढंच.

म्हणजे एमेटकाकांच्या पडण्याबद्दल तुम्हाला तेव्हापासून शंका आहे.

चार दिवस द्या.

लूअ‍ॅन


केलर्स लँडिंग
७ फेब्रुवारी

नॅडीनबाई,

बोर्डाला मी सांगितलं होतं की मी पोचायच्या आधीच एमेटकाका पडले होते. तसं नाही.

गुरुवार होता. मला अकरा वाजता इकडे, आपल्या बाजूला दुसरा रुग्ण होता आणि साडेदहा वाजून गेले होते. काकांना टबात उतरायचं होतं. टबात बसायचं बाकडं लावलं होतं. खालची रबरी चटई माझ्या गाडीत राहिली होती. कमरेला बांधायचा पट्टाही गाडीतच. मी म्हटलं, थांबा, आणते. ते म्हणाले, "अगं दोन पावलं आहेत, काय वरात काढायची आहे?" आणि मी थांबवलं नाही. घड्याळ बघितलं आणि म्हटलं, चला.

डावा पाय आत गेला, उजवा घसरला. धरायला माझ्या हातात त्यांच्या सदऱ्याशिवाय काही नव्हतं. ते अधू खांद्यावरच पडले. आवाज असा झाला की मला वाटलं टबच फुटला.

मी त्यांना उठवून खुर्चीत बसवलं. रडत होते मी, ते नव्हते. म्हणाले, "मेलो नाही. डोळे पूस." तेव्हा डॉक्टरला फोन करायचा की नाही? मी काय म्हणाले सांगते. मी म्हणाले, "काका, ट्विलाला सांगू नका."

"मग काय सांगू?"

"मी यायच्या आधी पडलात म्हणा."

त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं. मग मान हलवली. आणि ट्विलाला तसंच सांगितलं. तिने दोन दिवसांनी काळानिळा खांदा बघितला आणि तुम्हाला फोन केला. तक्रार करायला नाही, तुमच्या बाईला पडण्याबद्दल काही माहीत आहे का, एवढंच विचारायला. तिला ठाऊकच नव्हतं की मी तुमच्यापासून लपून येते. पुढे बोर्डाकडून पत्र आलं, तेव्हाही काकांनी तेच लिहून दिलं. ती सही करणारी बोटं मीच उघडली होती.

तो खांदा नंतर छातीच्या वर कधी गेला नाही. चमचा धरता आला, पण काच कोरायचं चाक नाही. ट्विला म्हणते मी बापाचा हात परत आणला. अर्धा आणला, आणि अर्धा मीच घालवला.

पुलाबद्दल मी एवढा आरडाओरडा का केला, ते तुम्हाला आता कळलं असेल. पुलाची शिक्षा मला परवडत होती.

लूअ‍ॅन


केलर्स लँडिंग
१८ फेब्रुवारी

नॅडीनबाई,

यावेळी कार्ड नाही, चक्क पाकीट आणि आत तीन ओळी. मोठाच सन्मान. "मला कशाला सांगतेस? बोर्डाला लिही. ट्विलाला तोंडाने सांग. मग बघू."

दोन दिवस मी तुम्हाला मनातल्या मनात जे काही म्हणाले ते इथे लिहीत नाही. परवानगी मिळून दीड महिनाही नाही झाला. माझ्या हातात पहिल्यांदाच सरळ कागद आला, आणि तुम्ही म्हणता तो घेऊन जा आणि टेबलावर ठेव. ते परवानगीच काय, ओहायोचा परवानाही काढून घेतील. मग मी काय करू? त्रेपन्नाव्या वर्षी दुकानात पिशव्या भरू?

तिसऱ्या दिवशी सकाळी कॉफी केली आणि बोर्डाला लिहिलं. मागच्या पत्रात तुम्हाला लिहिलंय तेवढंच, फक्त टबाच्या आवाजाचं सोडून. पोचपावतीसह पाठवलं. पावती फ्रिजवर लावली आहे.

ट्विलाला फोन करणं जास्त जड गेलं. मी सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा खोटं बोलताना कान खाजवायचे. त्या दिवशी खाजवत होते. मला वाटलं, स्वतःहून उठायला गेले असतील आणि लाज वाटत असेल." आणि फोन ठेवला.

मॅनेजरलाही सांगितलं. तिने बजावलंय की बोर्डाचं उत्तर येईपर्यंत पूल ओलांडायचा नाही. इकडचं काम तेवढं चालू आहे.

मी केलं ते बरोबर केलं, याबद्दल मला शंका नाही. उशिरा केलं एवढंच. पण एक विचारते. माझा कागद अडकला म्हणून ट्विलाचा हात का अडकावा? तिची बोटं बोर्डाच्या पत्राची वाट बघणार नाहीत.

लूअ‍ॅन


केलर्स लँडिंग
१६ मार्च

नॅडीनबाई,

तुम्ही कमाल केलीत.

आज ट्विलाचा फोन आला, महिन्याभराने. मला वाटलं शिव्या घालायला केलाय. म्हणाली, "तुझी ती म्हातारी फार छळते."

"कोणती म्हातारी?"

"स्ट्रॉसर. सोमवारी आणि बुधवारी येते. मागच्या खेपेला माझ्याकडून मोज्यांच्या बावीस जोड्या लावून घेतल्या. मी म्हटलं माझ्या घरात एवढे मोजेच नाहीत, तर स्वतःच्या घरून घेऊन आली!"

माझं पत्र मिळालं त्याच आठवड्यात तुम्ही अर्ज केलात. परवानगी हातात आल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या ऑफिसच्या वतीने पुलापलीकडे होतात. मॅनेजरला तोंड बंद ठेवायला सांगितलंत. शब्दकोड्यांचे दोन्ही दिवस ट्विलाला दिलेत.

खरं सांगू? पहिल्यांदा मला राग आला. मी इतकी पत्रं लिहिली ती तुम्ही माझ्यासोबत यावं म्हणून, माझ्याऐवजी जावं म्हणून नाही. मला वाटत होतं तो हात माझ्याशिवाय उघडणारच नाही. मग विचारलं, बोटं कशी आहेत? ती म्हणाली, "अंगठा हलला. आणि दुखणं निम्म्यावर आलंय." मग मला फोन कानाशी धरूनच भांडी घासावी लागली.

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "माफबिफ केलं नाहीये मी तुला."

"मी मागितली नाही."

"मागू पण नको. पण ही म्हातारी आठवड्यातून दोनदाच येते आणि मला हात पाचही दिवस हवाय. सप्टेंबरमध्ये बसवर परत जायचंय. तुझा कागद आला की ये."

तुम्ही तिला माझ्याबद्दल काय सांगितलंत ते ती सांगत नाही.

लूअ‍ॅन

ता. क. बावीस जोड्या? एवढे मोजे कशाला लागतात तुम्हाला?


केलर्स लँडिंग
२२ एप्रिल

नॅडीनबाई,

आज सकाळी चार तास आपण एका गाडीत आणि एका घरात होतो, आणि तुम्ही मोजून दहा वाक्यं बोललात. त्यातली तीन माझ्या गाडी चालवण्यावर होती. म्हणून उरलेलं लिहिते.

बोर्डाचं पत्र मी तुम्हाला दाखवलं तेव्हा तुम्ही चष्मा न लावताच परत दिलंत. तुम्ही वाचलं नाहीत असं मला वाटत नाही, पण तरी सांगते. समज दिली आहे. माझं सांगणं आणि एमेटकाकांचं ते जुनं लिहून दिलेलं, दोन्ही शेजारी शेजारी फाइलला ठेवलंय. पुन्हा निलंबन नाही, परवाना आणि परवानगी दोन्ही राहिले. स्वतःहून सांगितलं याची नोंद घेतली, असं एक वाक्य आहे. ते मी जास्त वेळा वाचत नाही.

पूल ओलांडताना मी रेडिओ लावणार होते. लावला नाही. पलीकडच्या चढावर चर्चवाल्यांनी रॅम्प नावाच्या रानलसणाचं जेवण मांडलं होतं आणि त्याचा वास गाडीत शिरला, तेव्हा तुम्ही काच वर केलीत. मला वाटतं तेव्हाच मला जरा मोकळं वाटलं.

ट्विलाने दार स्वतः उघडलं, उजव्या हाताने. मुद्दाम. कडी काढायला तिला इतका वेळ लागला की आपण दोघी पायरीवर उभ्या राहून आतून येणाऱ्या शिव्या ऐकत होतो. तुम्ही मला दाराला हात लावू दिला नाहीत. दार उघडल्यावर ती तुम्हाला म्हणाली, "झालं समाधान?" आणि मला म्हणाली, "बायबल कुठंय?" मी पट्टा आणि चटई दाखवली. ती हसली नाही. पण आत घेतलं.

टबाचं काम आज मला द्याल असं वाटलं नव्हतं. तेच घर, तोच टब. तुम्ही दारात हाताची घडी घालून उभ्या राहिलात आणि म्हणालात, "काय करतेस ते तोंडाने बोल." मी बोलत गेले. चटई टाकली. पट्टा बांधला. बाकडं हलवून बघितलं. आणि सगळं बरोबर करूनही डावा पाय उचलताना ट्विलाचा उजवा गुडघा वाकलाच. मी पट्टा धरला होता. ती खाली गेली नाही, बाकड्याच्या कडेवर बसली, जरा जोरात. ती तुमच्याकडे बघायला लागली. मीही. तुम्ही जागच्या हलला नाहीत. म्हणालात, "माझ्याकडे काय बघता? पुढे काय?"

पुढे मी तिला विचारलं कुठे लागलं का. मांडी बघितली, नाडी बघितली, दोन मिनिटं बसवलं. ती म्हणाली, पुन्हा. आणि दुसऱ्यांदा ती आत उतरली.

परत येताना मी शेवटी विचारलं. आठवतंय ना, पुलाच्या मध्यावर. "तुम्ही स्वतःचं नाव का दिलंत बोर्डाला? कोणी विचारलं नव्हतं."

तुम्ही नदीकडे तोंड फिरवलंत. मग म्हणालात, "तुझ्या प्रत्येक नोंदीखाली सही माझी असायची." आणि लगेच, "पुढे बघ. ट्रक आहे."

आजची नोंद मी घरी आल्या आल्या लिहिली. अंगठा किती हलला ते आहे. दाराची कडी आहे. गुडघा किती वाजता वाकला, मी कुठे धरलं होतं, ती कशी बसली, सगळं जसं झालं तसं आहे. ऑफिसच्या संगणकावर तुमच्यासाठी ठेवली आहे. खाली सहीची जागा मोकळी आहे.

लूअ‍ॅन